पावसाआधी काढलेलं जहाज

झैदने नाझमीनला पहिल्यांदा पाहिलं आणि तिथल्या तिथे ठार मारलं.

घाबरू नका. ते मरण फार सोयीचं होतं. त्यात माणूस क्षणभर डोळे मिटतो आणि आपल्या खाटेवर ताजातवाना उठून बसतो. फक्त अंगावरचं सामान मेल्या जागी पडून राहतं. हे सगळं घडलं कॉम्प्युटरवरच्या एका खेळात. खेळ वायकिंगांचा, म्हणजे उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या त्या जुन्या दर्यावर्दींचा — दाढ्या छातीपर्यंत, कुऱ्हाडी खांद्यावर. चार-सहा जणांनी मिळून रानात उतरायचं, लाकडं तोडायची, घर बांधायचं, शिकार भाजून खायची, राक्षस आला तर एकमेकांना वाचवायचं आणि शेवटी मोठं शिडाचं जहाज बांधून दर्यापार जायचं.

साल दोन हजार एकवीस, महिना एप्रिल. सगळं जग कडी लावून घरात बसलेलं. देवगडजवळच्या मिठबावातल्या मच्छीमार निजामभाईंची लेक नाझमीन कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि कॉलेज होतं तिच्या लॅपटॉपमध्ये. हा लॅपटॉप कुवेतहून आलेला, तिसऱ्या हाताचा. चालू केला की असा तापे, की नाझमीनची आई जोहरा हिने एकदा त्यावर बांगडे भाजले असं गावात सांगतात. लोकांना वाढवून सांगायची सवयच असते. दोनच बांगडे होते.

खेळातलं ते जग चाले कुडाळच्या अजयच्या कॉम्प्युटरवर. अजयने ते आपल्या मित्रमंडळींना खुलं केलं, त्यातल्या अक्षयाने आपल्या मैत्रिणीला, म्हणजे नाझमीनला, आत घेतलं, आणि आठ दिवसांत बाकी सगळे कंटाळून पांगले. उरले दोघेच, नाझमीन आणि अजयच्या ओळखीचा झैद, एकमेकांना न ओळखणारे. मुलगी दिसली की फुकट शहाणपण शिकवणारे फार, म्हणून नाझमीनने खेळातल्या आपल्या माणसाला भरघोस तांबडी दाढी लावली होती. ती दाढी घेऊन ती रानातून चालली असताना पलीकडे झैद झाड तोडत होता. झाड पडलं ते थेट दाढीवर.

आणि मग झैदच्या कानात आवाज आला —

"डोळे फुटले काय रे मेल्या?"

झैदने हातातली कुऱ्हाड खाली टाकली. मग —

"तू... तू चेडू आसंस?"

"नाय, बाबा आसंय दाढयेवालो! माझा सामान खंय पडला ता दाखव आधी."

सामान म्हणजे काय, तर एक बोथट कुऱ्हाड, चार रानबोरं आणि करपलेल्या मांसाचा तुकडा. पण ती खाटेवरून उठून पुन्हा तिथवर धावत येईपर्यंत झैद त्या ढिगापाशी ढाल धरून उभा होता. खेळात पाऊस लागला होता. आणि तो असा भिजत उभा होता, की जणू राजाचा खजिनाच राखतोय. नाझमीनने कुऱ्हाड उचलली. बोरं मात्र त्याच्या पायाशी ठेवली.

"ही कित्याक?"

"पहारो दिलंस मा... ती मजुरी."

मग रोजचं झालं. दुपारची जेवणं झाली, घरातली माणसं आडवी झाली, की दोघं तिकडे जायची. झैदने घर बांधलं, तेही असं घट्ट की सुईला जागा नाही. आत आग पेटवली आणि दोघंही धुराने गुदमरून मेली.

"चुलीक धुरांडा ठेवूचा असता रे! तुमच्याकडे काय, चुली नाय?"

"आमच्याकडे गॅस. आणि दुकान. खिळे, बिजागऱ्ये, कड्ये... सावंतवाडयेक."

एवढंच. तेवढीच एकमेकांची ओळख — ती मिठबावची, तो सावंतवाडीच्या हार्डवेअरच्या दुकानातला. आडनाव कोणी विचारलं नाही, फोन नंबर कोणी मागितला नाही. रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कशाला लागतो?

मग त्यांनी जहाज बांधलं. वारा कुठला हे दाखवायला खेळात वर कोपऱ्यात बाण होता, पण नाझमीनने त्याच्याकडे कधी बघितलं नाही. ती शिडाचा फुगवटा बघून सुकाणू फिरवी, अब्बांसारखी. झैदला मात्र सावंतवाडीत, आपल्या घरात, चार पायांच्या खुर्चीवर बसून बोट लागे. एका हातात माऊस आणि दुसऱ्यात लिंबू.

"तुमच्या मोती तलावाच्या भायर कधी पाणी बघलंस काय रे?"

"बघलंय तर. आमच्या नळाक येता."

ती इतकी हसली, की जहाज खडकावर गेलं.

परत आल्यावर झैदने जहाज लावायच्या लाकडी धक्क्याच्या टोकाला दोन खुर्च्या करून ठेवल्या, मावळतीकडे तोंड करून. काम नसलं की दोघं तिथे बसत. बोलणं संपलं तरी बसत. एकदा असाच बराच वेळ गेला आणि तो म्हणाला —

"तुझ्याकडे वारो सुटलो."

"तुका कसा कळला?"

"माडांचो आवाज येता. तू बोलणंस नाय तेव्हा मी तोच आयकतंय."

नाझमीनने खिडकी लावायला उचललेला हात तसाच खाली घेतला.

तिला तरी त्याचं काय माहीत होतं? चेहरा नाही, उंची नाही. फक्त आवाज. जरा बसका, आणि वाक्याच्या शेवटी हलकेच थांबणारा — अनोळखी जिन्यावर पुढची पायरी आहे की नाही, हे पायाने चाचपणाऱ्या माणसासारखा. अजयने तो कॉम्प्युटर पुढे कधीतरी विकून टाकला. ते घर, तो धक्का, त्या दोन खुर्च्या... सगळं कुठे गेलं कोण जाणे. पण आजही दुपारी माडांत वारा शिरला, की नाझमीन हातातलं काम ठेवते आणि बोलायची थांबते.

तर, मे महिन्याची एकतीस तारीख. खुर्च्यांवर दोघं बसलेली.

"नाझ..."

"काय?"

"माका... तुका एकदा खऱ्यान बघूचा आसा."

"कित्याक? दाढी बघलंस मा?"

"मस्करी नको गो."

तिच्या छातीत असं काही धडधडलं, की तिला वाटलं, माइकमधून त्याला ऐकू जाणार. उत्तर अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात किनाऱ्यावरून निजामभाईंची हाक आली. त्यांची हाक म्हणजे साधी नव्हे. मिठबावात घातली तर देवगडच्या बंदरात खलाशी उठून उभे राहत.

"अब्बा बोलवतत. होडी ओढूची आसा. उद्या सांगतंय हां... नक्की!"

"बरा तर," तो म्हणाला, आणि गेला.

ती पळतच निघणार, पण लॅपटॉप मिटता मिटता हात थांबले. मिठबावात पावसाआधी होडी पाण्यातून काढतात. शीड उतरवतात, दोर धुऊन ठेवतात, वर माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांचं आच्छादन घालतात. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय पाण्याला कोणी होडी लावत नाही, मग नारळ कोणाच्या हातचा आणि होडी कोणाची, हे कोणी विचारत नाही. खेळातलं जहाज ओढून वर घेता येत नव्हतं. मोडलं की मात्र सगळ्या फळ्या जशाच्या तशा परत मिळत. नाझमीनने भराभर जहाज मोडलं आणि फळ्या कोरड्या पेटीत रचल्या. जाता जाता खुर्च्याही मोडून आत ठेवल्या. पावसात कोणी खुर्च्या बाहेर ठेवतं?

आणि हे झैदला कळवायला हवं, असं तिच्या मनातही आलं नाही. मिठबावात "होडी काढली हो" असं कोणी कोणाला सांगत नाही, जसं "जेवायच्या आधी हात धुतले हो" असं कोणी सांगत नाही.

त्याच संध्याकाळी वारा उठला. सड्यावरचा, म्हणजे गावामागच्या कातळमाळावरचा, मोबाइलचा टॉवर मेच्या वादळापासून लंगडत होताच. आता त्याने अंगच टाकलं. असा गप्प झाला, की कावळ्यांनी त्यावर घरटी बांधून पिल्लांची नावंसुद्धा ठेवली. नऊ दिवस कशाचीच रेंज नाही. नऊ दिवस नाझमीन आपलं उत्तर मनात घोळवत राहिली.

दहाव्या दिवशी रेंज आली, आणि ती तिकडे पोचली. धक्का रिकामा. टोकाला एक लाकडी पाटी, आणि तिच्यावर —

"समाजलो. जहाज मोडलंस, खुर्च्येय मोडलंस. तुझ्यार राग नाय. सुखी रव. — झैद."

आधी तिला हसूच आलं. काय हा माणूस! मग हसू अर्ध्यात थांबलं. त्याने विचारलेल्याचं उत्तर तिने दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो आला, तर त्याच्यासाठी जहाज नव्हतं, बसायला खुर्ची नव्हती, आणि ती नव्हती... नऊ दिवस.

पाटीखाली तिने दुसरी पाटी लावली — "पावसासाठी काढलंय रे मेल्या! ये." आणि रोज दुपारी जाऊन बसू लागली. जून गेला. जुलै गेला. तो आला नाही. अक्षयाला सांगून अजयकडून नंबर मिळाला असता. पण अक्षयाला सांगणं म्हणजे तालुक्यात दवंडी पिटणं. निजामभाईंना ही बातमी दुपारच्या चहाबरोबर पोचली असती.

ऑगस्टात बाजार उघडले, एसटी सुरू झाली. नारळी पौर्णिमा तीन दिवसांवर आली, आणि होडीची एक फळी सुटलेली निजामभाईंना दिसली. तांब्याचे खिळे हवे होते.

"मी आणतंय," नाझमीन म्हणाली. "सावंतवाडयेसून."

जोहराने तांदूळ निवडता निवडता मान वर केली. "देवगडाक खिळे गावणत नाय? सावंतवाडयेचे काय गोड असतत गो?"

"थंयचे... टिकतत."

"हां," जोहरा म्हणाली. "टिकूक व्हयेच." आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीच्या बाजारात ती उतरली, आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की सगळ्यांच्या तोंडाला मास्क आहे. चेहरा तसाही माहीत नव्हता म्हणा. नाव घेऊन विचारणं म्हणजे पुन्हा दवंडीच, म्हणून तिने एकच धोरण ठेवलं — प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात शिरायचं, "तांब्याचे खिळे आसत?" विचारायचं, आणि डोळे मिटून उत्तर ऐकायचं. पहिला आवाज घोगरा. दुसरा नाकातला. तिसरा बाईचा. चौथा इतका गोड, की तिनेच काढता पाय घेतला. रिकाम्या हाताने निघायची लाज वाटे, म्हणून समोर येईल ती पुडी घ्यायची आणि पुढे. त्या दिवशी अख्ख्या बाजारातले खिळे संपले आणि आठवडाभर शहरात कोणाला साधी तसबीर टांगता आली नाही, असं म्हणतात.

सातव्या दुकानात एक जण शिडीवर चढून, पाठमोरा, वरचे डबे लावत होता.

"तांब्याचे खिळे आसत? होडयेचे."

शिडीवरचा माणूस होता तसा थबकला. हातातला बिजागऱ्यांचा डबा सुटला आणि सगळ्या दुकानभर खणखणाट झाला. तो पाठमोराच राहिला.

"मुको आसंस काय रे?"

तो हळूहळू खाली उतरला. मास्कवर फक्त दोन डोळे — काळेभोर, आणि विलक्षण घाबरलेले.

"किती... किती व्हये?" तो म्हणाला, आणि वाक्याच्या शेवटी हलकेच थांबला.

नाझमीनने पिशवी खाली ठेवली. अडीच महिने घोकून ठेवलेलं सगळं विसरली आणि एकदम म्हणाली —

"जहाज पावसासाठी काढललंय."

"...काय?"

"पावसात होडी पाण्यात ठेवतत काय? खुर्च्ये भिजवतत? आमच्याकडे पाळण्यातल्या पोराक कळता ह्या! तुमका सावंतवाडयेक शिकवूचा लागता, ता माका काय म्हायत?"

"म्हणजे... तू नाय म्हणूक नाय?"

"मी कायच म्हणूक नाय! टॉवर पडललो आमचो!"

"माका वाटला, मी तुका नको."

"नको असतंस," नाझमीनने पिशवी उचलून धाडकन टेबलावर आपटली, "तर सात दुकानां फिरलंय असतंय? ह्या ओझा घेऊन?"

त्याने पिशवीत डोकावून पाहिलं. मग तिच्याकडे. मास्कच्या वर त्याच्या डोळ्यांच्या कडा हळूच आकसल्या. तो हसत होता.

"नाझ... ह्ये सगळे लोखंडाचे आसत. होडयेक महिन्यात गंजतले."

होड्यांच्या घरात वाढलेली ती पोरगी मास्कच्या आत कानापर्यंत लाल झाली. तिने खिळे बघितलेच कुठे होते? ती ऐकत होती.

"तांब्याचे आमच्याकडे आसत," तो हळू आवाजात म्हणाला. "हयच. पयल्यापासून."

"मग पुडी बांध. आणि परवा मिठबावाक ये. नारळी पौर्णिमा. होडी लोटूक माणसां कमी पडतत."

"माका बोट लागता."

"लोटूची आसा... बसूचा नाय!"

तो आला. इस्त्रीचा शर्ट, पायात चकचकीत बूट, ते वाळूत घोट्यापर्यंत रुतलेले. किनाऱ्यावर सगळा गाव. दर्याला नारळ गेला, आणि निजामभाईंनी या नव्या माणसाला वरपासून खालपर्यंत पाहून बायकोला विचारलं, "हो कोण?"

"खिळेवालो," जोहरा म्हणाली. "टिकणारो आसा म्हणता तुमचा चेडू."

निजामभाईंना काही कळायच्या आत जोर लावायची आरोळी उठली. होडीच्या कडेला वीस हात लागले. झैदचा हात नाझमीनच्या हाताला लागून होता. दोघांनीही तो काढून घेतला नाही. होडी वाळूवरून सरकली, पाण्याला लागली, आणि समोरून आलेली लाट सरळ झैदच्या तोंडावर फुटली. खोकत, डोळे चोळत तो सरळ झाला. मास्क लाटेबरोबर गेला होता.

नाझमीनने पाहिलं. जरा मोठं नाक. खालच्या ओठावर लहानपणीच्या पडण्याची खूण. उजव्या गालाला खळी, आणि डाव्याला नाही. इतके दिवस कानांनी ओळखलेला माणूस असा दिसतो तर! तिने आपलाही मास्क खाली ओढला. तो बोलायला गेला, पुढची पायरी चाचपत... आणि मधेच हसला. कमरेएवढ्या पाण्यात दोघं तशीच उभी.

"अरे, होडी धरा! होडी चल्ली!" मागे निजामभाई ओरडत होते, आणि त्या हाकेने म्हणे देवगडपर्यंत सगळं बंदर जागं झालं.

ती होडी शेवटी कोणी धरली, हे त्या दोघांना आजतागायत माहीत नाही.