आठवं दार

दुसरी पाळी तीनला सुरू व्हायची. त्याआधी तिला नेटवर्कचा जुना स्विच काढून नवा बसवायचा होता. औषधाच्या बाटल्या भरणारी सात यंत्रं या एका लहानशा डब्यातून एकमेकांशी बोलायची. डबा गप्प, तर सगळी लाइन गप्प.

जुना स्विच तिच्या वडिलांनी चौदा वर्षांपूर्वी बसवला होता. ती तेव्हा कॉलेज सुटलं की इथे येऊन बसायची, पालथ्या क्रेटवर. "नवा स्विच म्हणजे शाळेत घातलेलं पोर," बाबा म्हणायचे. "आधी नाव द्यायचं, मग पत्ता, मग कुणाशी बोलायचं ते सांगायचं. आणि सगळं सेव्ह केल्याशिवाय उठायचं नाही. नाहीतर वीज गेली की ये रे माझ्या मागल्या!"

स्विचला तारा जोडायच्या आठ जागा होत्या. बाबा त्यांना दारं म्हणत. यंत्रं सात, म्हणून आठवं दार रिकामं. पण ते त्यांनी कधी बंद केलं नाही. "उशिरा येणाऱ्यासाठी एक असू द्यावं."

घरीही तेच. ती कितीही उशिरा येवो, कडी काढलेली असायची. तिच्या चपलांचा आवाज झाला की आतून बाबा आईला सांगायचे, "लेक आली गं. कडी लाव." मगच ते कूस बदलायचे.

अकरा महिन्यांपूर्वी ती पोचली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि घर माणसांनी भरलेलं. तिला दोन तास उशीर झाला होता.

"पोरी, पॅनेलमध्ये डोकं घालून समाधी लावलीस की काय?" पाळीच्या मुकादमाला सगळे भोंगाकाका म्हणत, का, ते वेगळं सांगायला नको. "तुझा बाप मध्ये चहा तरी मागायचा."

"वीस मिनिटं, काका."

"साहेबांचा निरोप आहे, रिकामं दार बंद म्हणजे बंद. उद्या तपासणीवाले येतायत. मागच्या खेपेला त्या आठव्यावरून माझीच हजेरी घेतली त्यांनी."

तिने जुन्या स्विचला लॅपटॉप जोडला आणि एकेका दाराचं नाव वहीत उतरवून घेतलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची बाबांची सवय होती. भरणी. बूच. लेबल. वजनकाटा. सात झाली. आठव्यासमोर लिहिलं होतं, 'लेक येईल'.

 तिने तेही वहीत उतरवलं आणि जुन्याची वीज काढली. डबा हातात होता तोवर कोमट होता.

नव्याला कोऱ्या प्लास्टिकचा वास होता. पॅनेलमधल्या पट्टीवर तो खटकन बसला. तिने वीज दिली, बनवणाऱ्या कंपनीने घातलेला पासवर्ड बदलला, नाव दिलं, पत्ता दिला, सात दारांना बाबांचीच नावं दिली. आठव्याच्या नावाची जागा कोरी ठेवली. सेव्ह केलं. सात तारा, सात हिरवे दिवे. आठव्यात रबरी बूच होतं, खोक्यातून आलं तसंच. आता तेवढं दार बंद करायचं राहिलं होतं.

आठवा दिवा लागला.

तिने बूच दाबून पाहिलं. घट्ट होतं. "काका, इथे कशाला हात लावलात का?"

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, बाई." भोंगाकाका पार खिडकीपाशी उभे होते.

नवा माल, बिघडलेला दिवा. असतं असं. तिने वीज काढली, दहा आकडे मोजले, परत दिली. सेव्ह केलेलं सगळं जसंच्या तसं परत आलं. सात दिवे लागले. थोड्या उशिराने आठवा.

तिने नावांची यादी मागवली.

भरणी. बूच. लेबल. तिने लिहिलेली सातही.

आठवं : 'लेक आली'.

शेजारच्या शेडमधल्या यंत्रांची घरघर, तेलाचा वास, मानेवर पंख्याचा वारा, सगळं जागच्या जागी होतं.  या ओळीच्या पुढचं वाक्य तिला लहानपणापासून पाठ होतं.

"झालं का गं?" काकांनी हाक दिली. "तीनला पाच कमी आहेत!"

तिने दार बंद करायची आज्ञा टाइप केली. बोट एंटरवर नेलं. टेकवलं नाही.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पाच मिनिटं थांबा ना."

दिवा एकदा लुकलुकला.

ती बोट तसंच धरून बसली. एक मिनिट. दोन. तीन. चार. पाळीचा भोंगा वाजला.

पॅनेलमध्ये बारीक खट्ट झालं. घरची कडी लागताना व्हायचं, तसं.

आठवा दिवा विझला.

तिने पडद्याकडे पाहिलं. आज्ञा तशीच उभी होती, शेवटच्या अक्षरापुढे कर्सर उघडमीट करत होता. एंटर तिने अजून दाबलंच नव्हतं.