गाडीत नेट आहे का?

आधी सगळ्यांनी मोबाइल उलटे ठेवा. हां. जिन्यातला दिवा राहू दे, तेवढा पुरे.

ही भुताची गोष्ट आहे की नाही, ते मला विचारू नका. ज्याच्यावर बेतली, तो माझा रोजचा माणूस. सकाळी फिरायला माझ्याबरोबर यायचा. त्याचं चष्म्यांचं दुकान, म्हणून आम्ही त्याला चष्मेवालाच म्हणायचो. थाप मारायची म्हटलं तरी कान लाल व्हायचे त्याचे. आणि हे त्याने मला सांगितलं तेव्हा कान लाल नव्हते. पांढरे होते.

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. अमावस्या वगैरे काही नाही हं. उलट पौर्णिमा दोन दिवसांवर, रस्त्यावरचा खडासुद्धा दिसावा असं चांदणं.

दिवेलागणीला चष्मेवाला दुकान बंद करून घरी आला. गाडी दारात लावली, किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवली आणि कपाळावर हात मारला. एका गिऱ्हाइकाचा चष्मा पोचवायचा होता, तो दुकानातच राहिला. दुकान कोपऱ्यावर. तो चालतच गेला. डबी घेतली, पानवाल्याशी दोन शब्द बोलला, परत आला.

दारात गाडी नव्हती.

आत बायको भाजी चिरत होती. तिने विचारलं, "अहो, गाडी घेऊन गेलात ना? आवाज आला."

"मी? मी चालत गेलो होतो."

दोघंही एकदम मागच्या खोलीकडे धावली. खाट रिकामी. टीव्ही चालू. टीव्हीखालच्या टेबलावर म्हाताऱ्यांचा मोबाइल आणि त्याच्या शेजारी त्यांचा चष्मा.

म्हातारे म्हणजे चष्मेवाल्याचे वडील. उभा जन्म बस चालवली त्यांनी, शहराबाहेरच्या एकाच मार्गावर. आता डोकं दगा द्यायला लागलं होतं. सकाळी मुलाला ओळखायचे, दुपारी त्यालाच विचारायचे, "तुम्ही कोणाकडे आलात?" पण हात काही विसरले नव्हते. खुर्चीत बसल्या बसल्या डावा हात गिअर टाकायचा. सून हसून म्हणायची, "बाबा, हळू, पुढे गतिरोधक आहे." आणि ते खरंच ब्रेक मारल्यासारखा पाय दाबायचे.

तर हा माणूस, चष्म्याशिवाय, रात्रीचा, गाडी घेऊन गेलेला. बरोबर मोबाइल नाही. शोधणार कुठे?

चष्मेवाला पोलिसांकडे गेला. त्यांनी गाडीचा नंबर घेतला, वर्णन घेतलं, बिनतारीवर कळवलं. त्यांचंही चूक नाही, रस्ते चारी दिशांना. घरी आला तर बायको दारातच उभी. ती म्हणाली, "अहो, हल्ली गाडीतच इंटरनेट असतं म्हणे. गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं. आपल्या गाडीत आहे का?"

आणि इथे त्या माणसाला घाम फुटला. कारण त्याला ते माहीतच नव्हतं.

हसू नका. तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? गाडी जुनी घेतलेली. गाणी लागतात, गारवा येतो, विषय संपला. त्याने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ नुसतं संगीत वाजलं, मग फोनवर एक मुलगा आला. फार गोड आवाज.

"सर, आरशाजवळ छताला लाल बटण आहे का?"

"अरे बाबा, गाडीच इथे नाहीये! माझे वडील आहेत त्या गाडीत!"

"सॉरी सर. मग गाडीच्या मागे, मॉडेलच्या नावापुढे, दोन अक्षरं असतात. त्यावरून कळेल. वरच्या प्रकारात सुविधा आहे, खालच्यात नाही."

कोणती अक्षरं? कोणालाच आठवेना. रोज डोळ्यासमोरची गाडी! बायकोने मोबाइलमधला फोटो शोधला. गाडी घेतली त्या दिवशीचा, गाडीच्या मागे दोघं उभी. आणि अक्षरं नेमकी चष्मेवाल्याच्या पोटाआड. तिने तो फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि रडायलाच लागली.

तेवढ्यात बातमी ऐकून डिझेल आला. डिझेल म्हणजे त्यांचा गाडी दुरुस्त करणारा. कितीही अंघोळ केली तरी वास जायचा नाही म्हणून नाव पडलेलं. तो म्हणाला, "दादा, गाडीच्या कागदांचा फोटो आहे ना? चेसिस नंबर टाकू ॲपमध्ये. गाडीत नेट असेल तर ॲप घेईल, नसेल तर नाही म्हणेल. हाय काय नि नाय काय."

चष्मेवाल्याने नंबर टाकायला घेतला. दोनदा नंबर चुकला. तिसऱ्यांदा टाकला. ओटीपी आला. मग पडद्यावर ते गोल गोल फिरत राहिलं... फिरत राहिलं. बायकोने डोळे मिटले होते.

नकाशा उघडला. नकाशावर निळा ठिपका.

आणि ठिपका चालत होता.

"आहे! आपल्या गाडीत आहे!" चष्मेवाला लहान पोरासारखा ओरडला. ठिपका शहराबाहेरच्या रस्त्यावर होता, मोकळ्या रानात, सावकाश चाललेला. डिझेलने आपली टेम्पो व्हॅन काढली, चष्मेवाला शेजारी बसला आणि निघाले. शहर संपलं, कालव्याचं वळण गेलं, पुढे सरळ रस्ता.

ठिपका थांबला.

"थांबले! दाब, डिझेल, दाब!"

थोडा वेळ थांबून ठिपका पुन्हा निघाला. पुढे पुन्हा थांबला. पुन्हा निघाला. ही व्हॅन त्या जागी पोचायची, तर तिथे काही नाही. एक मोडकी शेड. पुढच्या जागी एक सिमेंटचा बाक. त्याच्या पुढे नुसता लोखंडी खांब, वरची पाटी गेलेली.

त्या खांबापाशी चष्मेवाल्याला उमगलं. लहानपणी सुट्टीत तो बाबांच्या मागे बसून याच रस्त्याने जायचा.

"डिझेल... हे थांबे आहेत. बसचे. बाबा फेरी करतायत."

"बस कधीची बंद झाली ना हिकडची?"

"कधीचीच."

ठिपका एकही थांबा चुकवत नव्हता. प्रत्येक ठिकाणी माणसं चढायला लागतो तेवढाच वेळ. आणि व्हॅन कितीही दामटली तरी अंतर तेवढंच राहत होतं. चष्मेवाला देवाला हात जोडत होता, बाबांना शिव्या देत होता, पुन्हा हात जोडत होता. "एकदा सापडू देत. किल्ली उशाखाली घेऊन झोपेन. एकदा सापडू देत."

मग शेवटचा थांबा आला. ठिपका तिथे बराच वेळ उभा राहिला. आणि वळला.

"परत येतायत," डिझेल म्हणाला. "आपल्याकडंच."

त्याने व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं, दिवे मात्र चालू ठेवले, म्हाताऱ्यांना दिसावेत म्हणून. दोघं खाली उतरले. रस्ता सुतासारखा सरळ. चांदण्यात पार लांबवर दिसत होता. वारा पडलेला. गवताचं पातं हलत नव्हतं.

मोबाइलवर ठिपका येत होता.

रस्त्यावर काही नव्हतं.

"दिवे न लावता चालवत असतील," चष्मेवाला म्हणाला.

ठिपका जवळ आला. आणखी जवळ. इंजिनाचा आवाज नाही. चाकांचा नाही.

"दादा... बाजूला व्हा."

"अरे पण..."

"बाजूला व्हा!"

डिझेलने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. ठिपका त्यांच्यावर आला. त्यांच्यातून...

आणि व्हॅन हलली.

मोठी गाडी शेजारून गेली की उभी गाडी झुकते ना, तशी. बसच्या वाऱ्याने. चष्मेवाल्याच्या तोंडावर धूळ आली. डिझेलची टोपी उडून रस्त्यावर पडली.

मग पुन्हा... काही नाही.

ठिपका त्यांच्या मागे गेला होता. शहराकडे चालला होता.

काय रे? बोल, बोल. जीपीएस चुकतं कधी कधी? चुकतं की. मीही तेच म्हणालो होतो चष्मेवाल्याला. त्याने मला विचारलं, "आणि धूळ?"

डिझेल म्हणाला, "दादा, आपण घरी जाऊ." चष्मेवाला म्हणाला, "तू जा. मी चालत जातो त्याच्या मागे." एवढंच. वडील होते ना त्याचे. डिझेलने टोपीसुद्धा उचलली नाही, त्याला आत बसवलं आणि ठिपक्यामागे व्हॅन वळवली.

आता ठिपका थांबत नव्हता. परतीच्या वाटेवर होता. आणि कालव्याच्या वळणावर... तो रस्ता सोडून खाली गेला. थांबला.

मग हलला नाही.

ते वळण शहरापासून अगदी जवळचं. जाताना यांची व्हॅन तिथूनच गेली होती. दोघं बॅटरी घेऊन उतरले. भरावाखाली दाट झुडपं. झुडपांत गाडी. नाक खाली, मागची चाकं वर.

डिझेलने बॉनेटला हात लावला आणि काढून घेतला. "गार आहे." मग बॅटरीचा उजेड टाकला. बॉनेटवर दव धरलेलं. आरशापासून फांदीपर्यंत कोळ्याने जाळं विणलेलं. पुढचा भाग चेपून गाडीची बॅटरी बाहेर पडली होती, तारा तुटलेल्या. "दादा, ही गाडी संध्याकाळपासून इथंच हाय. ही कुठंच गेलेली नाही."

चष्मेवाल्याने ऐकलं नाही. तो दार ओढत होता.

म्हातारे आत होते. जिवंत होते. पाय अडकलेला, कपाळावरून रक्त वाहून सुकलेलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर. डोळे उघडे, समोर लावलेले.

"बाबा! बाबा, मी आलोय!"

त्यांनी मान वळवली नाही. फार हळू आवाजात विचारलं,

"उतरले का सगळे?"

"कोण, बाबा?"

"बघ ना मागे."

चष्मेवाल्याने मागे बघितलं नाही. मला म्हणाला, "तुला शपथेवर सांगतो, नाही बघितलं मी. बघवलंच नाही. नुसतं म्हणालो, हो बाबा, उतरले." तेव्हा म्हाताऱ्यांनी स्टिअरिंग सोडलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती लागले नसते. म्हातारे त्यातून उठले. पुढे दीडेक वर्ष जगले, काठी टेकत का होईना, अंगणात फिरले. त्या रात्रीचं काही बोलायचे नाहीत. त्यांना आठवतच नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो. एकदाच, सून पाय चेपत होती, तेव्हा आपल्याशीच पुटपुटले, "जागा नव्हती गं. उभे होते बिचारे."

चष्मेवाला मात्र नेट सोडायला तयार नव्हता. डिझेलकडे गाडी ओढून नेली होती, तिथे जाऊन बसला. "तो डबा दाखव मला. जो सिग्नल पाठवतो तो." डिझेलने डॅशबोर्ड खोलला. डब्याची जागा होती. डबा नव्हता. कोणी काढलेला नाही, मुळात बसवलेलाच नव्हता. तारेच्या टोकावर कारखान्यातलं प्लास्टिकचं टोपण तसंच, वर कित्येक वर्षांची धूळ. छताला लाल बटण नाही. मागची दोन अक्षरं खालच्या प्रकाराची. तिथेच उभं राहून त्याने ॲपमध्ये तोच चेसिस नंबर पुन्हा टाकला. उत्तर लगेच आलं : या वाहनात ही सुविधा उपलब्ध नाही.

त्यानंतर आठवड्याभराने मी डिझेलकडे गेलो होतो, माझ्या स्कूटरच्या कामाला. ती गाडी कोपऱ्यात उभी होती, ताडपत्री टाकून. मी म्हटलं, बघू तरी. डिझेलने ताडपत्री वर केली, पण स्वतः जवळ आला नाही.

दाराच्या वर, छताला, धरायचं हँडल असतं बघा, वळणावर आपण पकडतो ते. त्याला स्प्रिंग असते. सोडलं की आपोआप वर जाऊन चिकटतं. त्या गाडीत अशी तीन होती.

तिन्ही खाली ओढलेली होती. कोणी घट्ट धरून ठेवावीत, तशी.

मी म्हटलं, "स्प्रिंगा गेल्या वाटतं."

डिझेल एक पाऊल मागे सरकला.

मी उघड्या खिडकीतून हात घातला आणि मागचं एक हँडल वर ढकललं. वर गेलं. चिकटलं. मी हात बाहेर काढला.

आम्ही दोघं बघत होतो...

ते हळूहळू खाली आलं.