खुशालरावांची मयत

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती तर स्वतःला इतकं हलकट दाखवलं नसतं.

२६ जानेवारी २०२४, शुक्रवार. जोडून सुट्टी आली होती. मी, माझी बायको जुईली आणि बाबा, असे तिघं अमरावतीहून परतवाड्याच्या पुढच्या एका धरणावर गेलो. बोटीत फिरायचं आणि काठावर शेगडी पेटवून चिकन भाजायचं, असा बेत होता.

घरात चौथी होती गोदावरीआत्या. बाबांची मोठी बहीण, एक्क्याऐंशी वर्षांची. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं.

तिला न्यायचं नव्हतं. दर तासाला गाडी थांबवा, त्यात तिचे गुडघे, आणि ती सोबत असली की चिकन नाही. पण सहल म्हटलं असतं, तर ती पहाटे चारलाच तयार होऊन दारात बसली असती.

म्हणून आदल्या संध्याकाळी मी थाप मारली.

"आत्या, परतवाड्याचे खुशालराव गेले. आमी उद्या मयतीले जाऊन येतो."

खुशालराव म्हणजे बाबांचे जुने मित्र. चांगले ठणठणीत. बाबांनी पेपरात तोंड खुपसलं.

आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "पयले दर भाऊबीजेले यायचा रे बाप्पा..." मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "येतानी मागच्या दारानं या. कशाले शिवू नका. आंगोयीले गरम पानी काढून ठेवीन."

खोलीत आल्यावर जुईली हसली. "खोटी मयत सांगितली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. खुशालरावांची तर चांदी झाली!"

मीही हसलो. एकच धाकधूक होती. आत्याला कळू नये.

दुपारी साडेबाराला बोटीत बसलो. लख्ख ऊन होतं. मधोमध आल्यावर नावाड्यानं इंजिन बंद केलं.

"काढा आता फोटो, सायेब."

पाणी अगदी स्थिर. एक पाखरूही ओरडत नव्हतं...

आणि कोणीतरी रडायला लागलं.

दिसत कोणी नव्हतं, पण आवाज म्हाताऱ्या बाईचा होता. मयतीच्या घरी गळा काढून रडतात, तसं रडत होती.

"जवळ गाव आहे का हो?" मी विचारलं.

"इथं गाव नाही, सायेब." नावाड्यानं घाईघाईनं इंजिन सुरू केलं.

बाबा पांढरेफटक पडले होते. "ईशान... हा ताईचा आवाज आहे."

"काहीतरीच काय, बाबा!" मी खेकसलो.

खरं तर मीही तो ओळखला होता.

काठावर शेगडी पेटवली. चिकन छान भाजलं गेलं. पहिला घास तोंडात टाकला आणि...

कडू. जहर कडू.

जुईली थुंकली. मक्याचं कणीस घेतलं, तेही कडू. बाटलीतलं पाणीसुद्धा कडू.

बाबा हळूच म्हणाले, "कडुलिंब आहे हा. मसनातून आल्यावर चावतात, तो."

आजूबाजूला कडुलिंबाचं एकही झाड नव्हतं.

मी आत्याला फोन लावला. तीनदा नुसता वाजत राहिला. चौथ्यांदा कोणीतरी उचलला...

बोललं कोणी नाही. फक्त पाणी ओतल्याचा आवाज. तांब्या तांब्यानं, सावकाश. कोणी बादली भरत असावं तसा.

"आत्या?"

फोन बंद झाला.

गाडी कशी चालवली, आठवत नाही. साडेचारला घरी पोचलो. पुढचं दार आतून बंद होतं. मागे गेलो.

मागच्या दारात तीन बादल्या ठेवल्या होत्या. काठोकाठ भरलेल्या. वाफ निघत होती. प्रत्येकीवर कडुलिंबाची डहाळी.

आत्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर फोन. अंग थंडगार.

डॉक्टर म्हणाले, "सकाळी अकराच्या आतच गेल्या."

मग दुपारी रडलं कोण? फोन कोणी उचलला? पाणी कोणी तापवलं? आमच्या घरात हे प्रश्न आता कोणी काढत नाही.

तिसऱ्या दिवशी खुशालराव भेटायला आले. बाबांना त्यांच्यासमोर मान वर करवेना.

खुशालराव डोळे पुसत म्हणाले, "शुक्रवारी दहाले फोन आला होता तिचा. माह्या बायकोच्या फोनवर केला होता. मीच उचलला. माहा आवाज ऐकला अन् एकदम गप झाली. लय वेळ."

मी हातातला कप खाली ठेवला.

"मी म्हटलं, काय झालं ताई, काहून गप आहेस? तं म्हणे, काही नाही भाऊ. पोरं तिकडंच आले आहेत. तुमच्याकडे आले तं उपाशी धाडू नका."

म्हणजे तिला कळलं होतं.

खुशालरावांनी माझ्याकडे पाहिलं. "दिवसभर वाट पाहिली रे तुमची. सैपाक करून ठेवला होता. काहून नाही आले?"

त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते अधूनमधून फोन करतात. मी उचलत नाही.