निळ्या पट्टीची जोडी

धाकटी रोज तीनच्या सुमाराला दवाखान्यातलं काम आटोपून दादाच्या घरी यायची. कान तपासणं हा तिचा पेशा. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबा म्हणायचं. वीस वर्षं हेच केल्यामुळे कुणी ‘मला काहीतरी ऐकू येतं’ म्हटलं, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘कोणत्या कानात?’

दादाला झटका येऊन तीन महिने झाले होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे असायचे, पण तो कुठे पाहतोय ते कळायचं नाही. त्याला जे आवडतं ते कानावर पडू द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. आता दादाला काय आवडतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पस्तीस वर्षांपूर्वी याच खोलीच्या काचा त्याच्या रेकॉर्डनी थडथडायच्या आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे. ते ठोकणं ठेक्यात नसतं, एवढीच दादाची त्यांच्याबद्दल तक्रार असे.

त्या रेकॉर्डचा विषय निघाला की धाकटीला आजही भरून यायचं. बटणांची एक पेटी, म्हणजे ड्रम मशीन, तिच्यातून निघणारा खर्जाचा ठोका. तो आधी पोटात वाजायचा, मग कानात. त्यावर सिंथचे, म्हणजे विजेवरच्या कीबोर्डचे, तीन-चार सूर, एकच हट्ट धरून बसलेले. आणि मग कुणीतरी असं काही रॅप करत सुटायचं की शब्द कळोत न कळोत, ऐकणाऱ्यालाच धाप लागायची. स्वस्तातली यंत्रं घेऊन कुणीतरी आपल्या झोपायच्या खोलीत बसून केलेलं हे संगीत. पण चार सुरांत त्या लोकांनी जे करून ठेवलं ते शंभर वादकांना जमलं नाही, असं तिचं ठाम मत होतं. या मतापायी तिच्या दोन मैत्रिणी तुटल्या होत्या आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

दादा तेव्हा नाचाच्या पार्ट्यांत रेकॉर्ड वाजवायचा, आणि त्याची एक खोड होती. नवी रेकॉर्ड आणली की तिच्या मधला कागद भिजवून सोलून टाकायचा. दुसऱ्या वाजवणाऱ्यांनी येऊन नाव वाचायला नको. त्या काळी सगळेच असे चोरटे. नावाच्या जागी तो रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, आणि पट्टीचं टोक जिथे असेल तिथे ब्रेक सुरू व्हायचा. ब्रेक म्हणजे सूर, शब्द सगळं बाजूला होऊन नुसता ठेका उरतो तो तुकडा, दहा-बारा सेकंदांचा. लोक नाचायचे ते त्याच्यावरच. म्हणून चांगल्या रेकॉर्डच्या दोन प्रती घ्यायच्या. एकीवर ब्रेक वाजत असताना दुसरी हाताने मागे फिरवून धरायची आणि पहिली संपता संपता सोडायची. हात थकेपर्यंत ब्रेक संपत नाही. कधी कधी दादा एक टर्नटेबल सांभाळायचा आणि दुसरं धाकटीकडे द्यायचा. ती नेहमी किंचित उशिरा सोडायची.

“तू सोडायला घाबरतेस,” दादा म्हणायचा.

“घाबरत नाही. नीट बघून सोडते.”

“तोवर ठेका निघून जातो, बाई.”

निळ्या पट्टीची जोडी तिला सोमवारी सापडली, कपाटाच्या अगदी तळाशी. दादाच्या सगळ्या रेकॉर्ड तिला सुरुवातीच्या खरखरीवरून ओळखू यायच्या. ही तिने कधी ऐकलेली नव्हती. मंद ड्रम मशीन, खाली लांबलचक खर्ज, शब्द नाहीतच. इतकं सुंदर काही दादाने आपल्यापासून लपवून ठेवलं याचा तिला राग आला आणि हसूही आलं. पुढे ब्रेक आला. ठेक्याखाली एक श्वास होता.

कुणीतरी शांतपणे श्वास घेत होतं, सोडत होतं, ब्रेक संपल्यावरही. तिने घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा. मग तिचं लक्ष पलंगाकडे गेलं. दादाची छाती त्याच श्वासाबरोबर वरखाली होत होती. माणसं ठेक्याबरोबर श्वास घेतातच, तिने स्वतःला सांगितलं. मात्र त्याच वेळी चादरीवर दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं ताल धरू लागली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

वहिनी दारातून धावत आली. “बोटं हलली गं! पाहिलंस का?”

“पाहिलं,” धाकटी म्हणाली, आणि दोघी रडल्या.

मग ती रेकॉर्ड रोज लागणार हे ओघानं आलंच. मंगळवारी धाकटीने जोडीतली दुसरी प्रत लावली. श्वास तोच. मध्येच त्यात एक खोकला आला, कोरडा, दोनदा. धाकटीने मान वळवली. दादा स्वस्थ पडला होता. तिने पाच मोजले, आणि दादा खोकला. कोरडा, दोनदा.

तिने सुई उचलून तोच तुकडा परत लावला. खोकला नव्हता.

रेकॉर्डवर जे कोरलेलं असतं ते असतं. ते येत-जात नाही. त्याच संध्याकाळी तिने सगळं फोनवर टिपून घेतलं आणि बुधवारी सकाळी दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत बसून ऐकलं. नुसता ठेका होता, श्वास नव्हता. मग सहकारी बाईंना सांगून तिने स्वतःचेच कान तपासून घेतले. उत्तम होते.

त्याच दुपारी तिने रेकॉर्ड खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. जिथे आवाज जोरकस तिथे खाचा राखाडी, दाट दिसतात. ब्रेकच्या पुढे त्या विरळ होत गेल्या होत्या, आणि शेवटचा दोन बोटांचा पट्टा नुसता काळा, गुळगुळीत, चकचकीत होता. तिथे काहीही कोरलेलं नव्हतं. दुसरी प्रतही तशीच. तिथवर सुई जाऊ द्यायची नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं. रेकॉर्ड लावणंच सोडावं असंही तिच्या मनात आलं. पण त्या दिवशी दादाने तिच्याकडे पाहिलं होतं, खरंच तिच्याकडे. तो परत येत होता, आणि तिला तो परत हवा होता.

गुरुवारी ती टर्नटेबलाशेजारीच उभी होती.

“अगं, एवढं बरणीचं झाकण उघडून दे ना,” स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली. “माझ्याच्याने निघत नाही.”

ती गेली. झाकण घट्ट बसलं होतं. मिनिटभर लागलं असेल.

परतली तेव्हा सुई त्या गुळगुळीत पट्ट्यावर पोचली होती आणि ठेका थांबला होता. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढलं होतं.

तिने सुई उचलली.

खोलीत काहीच आवाज उरला नाही. दादाचाही नाही.

“दादा.” तिने त्याचा खांदा हलवला. “दादा, अरे बघ इकडे.”

ओठ निळसर होऊ लागले.

“वहिनी, डॉक्टरांना बोलवा. आत्ता.”

आणि मग ज्या गोष्टीवर तिचा मुळीच विश्वास नव्हता ती तिने केली. पट्टीचं टोक दाखवत होतं तिथे, ब्रेकच्या सुरुवातीला, सुई टेकवली.

चौथ्या ठोक्याला दादाने श्वास घेतला.

बारा सेकंद. तिने दुसरी प्रत चढवली, मागे फिरवली, धरली, सोडली. किंचित उशीर झाला. दादाचा श्वास अडकला, मग सुटला. परत मागे. परत उशीर. परत अडकला.

पुढच्या वेळी तिने बघितलंच नाही. डोळे मिटले आणि सोडली.

बरोबर ठेक्यावर. चादरीवर दादाची बोटं हलली.

डॉक्टर वीस मिनिटांनी आले. त्यांनी छाती तपासली, नाडी पाहिली.

“श्वास छान आहे. हलवायची गरज नाही,” ते म्हणाले. “पण ते बंद करा आता. विश्रांती घेऊ दे त्यांना.”

“करते थोड्या वेळाने.”

ते गेले. ऊन भिंतीवरून सरकत कपाटापर्यंत पोचलं. धाकटीचे खांदे भरून आले होते, पण हात चुकत नव्हते. आयुष्यात कधी वाजवलं नसेल इतकं सुरेख ती वाजवत होती आणि दादा तिच्याकडे टक लावून पाहत होता, कौतुकाने.

मागे फिरवायची, धरायची, सोडायची.

साडेपाचच्या सुमाराला ठेक्यामागे खरखर वाढू लागली. एकाच जागेवरून सुई सारखी गेली की खाच झिजते. प्रत्येक वाजवणाऱ्याला हे माहीत असतं. सुईच्या टोकाशी बारीक राखाडी भुकटी जमली होती. तिने दुसरी प्रत वाजती ठेवून ती फुंकरीने उडवली.

वहिनी पलंगाच्या कडेला बसली होती. तिने दादाच्या ओठांवरून रुमाल फिरवला आणि उजेडात धरून पाहिला.

“हे काय गं राखाडी?” ती म्हणाली. “मघाशीच तर पुसलं होतं.”