भाऊंच्या नावचं गाऱ्हाणं

स्वरूप, ती बॅटरी आधी बंद कर, सेल फुकट जाळू नकोस. आंबे चोरायला येणारा माणूस तुझ्या उजेडाला भीक घालणार नाही. आणि सानवी, तू मघाशी विचारलंस, वरून विमान गेलं तर आजोबा बोलता बोलता गप्प का झाले? ऐकायचं आहे? मग बसा जवळ. नंतर घरात जायला सोबत मागायची नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

ही माझ्या भाच्याची गोष्ट आहे, विनोदची. विमानांचा इंजिनियर तो, लायसनवाला. मुंबईची नोकरी सोडून रत्नागिरीला परत आला. त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलंय, आणि विनोद थापा मारणारा नव्हे. थापा मारायला जे डोकं लागतं ते त्याच्याकडे नाही, त्याचं सगळं डोकं नटबोल्टात.

तीन वर्षं झाली. तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस, मंगळवार. विनोद राजापूरला गेला होता, अगदी साध्या कामाला. विमानाची बॅटरी चार्जिंगला टाकायची आणि येताना एक नारळ आणायचा. दुकानदार म्हणाला, बॅटरी सकाळी न्या. हा नारळ घेऊन सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळी माळावर, परत आला.

विमान कुणाचं ते सांगतो. दत्तात्रेय म्हणून होते एक, आम्ही सगळे दत्ताभाऊ म्हणायचो. आंब्याच्या, काजूच्या मोठ्या बागा. गावाचं नाव सांगत नाही, घरची माणसं अजून तिथेच आहेत. सड्यावरचा कातळ सपाट करून भाऊंनी धावपट्टी केली होती आणि बाजूला पत्र्याची शेड. त्यांचा जुना गडी सदू तिला विमानाचा गोठा म्हणायचा. विमान चार माणसांचं, एका पंख्याचं, भाऊंच्या तरुणपणातलं. खाऱ्या हवेने दर पावसाळ्यात कुठेतरी गंज धरायचा आणि पाऊस गेला की विनोद तो खरवडून काढायचा.

मग भाऊंनी ठरवलं, विमान नवं करायचं. पत्रा जुनाच, पण समोरची गोल डायलं काढून तिथे दोन मोठे स्क्रीन, नवा रेडिओ, नकाशा, सगळं आजचं. हे मृणालीसाठी. मृणाली म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, मुंबईत पायलट. तिला त्या जुन्या काट्यांवर भरवसा नव्हता. विनोदने डायलं काढून खोक्यात भरली, आणि काम अर्धवट असताना वैशाखात भाऊ गेले. छातीत दुखलं, दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचले नाहीत. स्क्रीन बसलेले त्यांनी पाहिलेच नाहीत. विनोदने काम पुरं केलं ते मृणालीच्या शब्दाखातर. बुधवारी सकाळी ती पहिलं उड्डाण करणार होती.

आता गाऱ्हाणं. तुम्ही मुंबईची पोरं, तुम्हाला गाऱ्हाणं म्हणजे तक्रार वाटेल. आपल्याकडे कुठलंही काम सुरू करायच्या आधी राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवून सांगणं घालतात. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी हो म्हणायचं. धावपट्टीच्या टोकाला राखणदाराचा दगड आहे. विमानाची दुरुस्ती झाली की सदू तिथे उभा राहायचा, हे वर्षानुवर्षं चाललेलं. त्या संध्याकाळीही राहिला. मागे विनोद आणि मृणाली, हात जोडून.

"बा देवा म्हाराजा," सदूने सुरुवात केली, "आज तुज्या लेकरांनी इमानाला नवी यंत्रं बसवली हायत. सकाळच्याला दत्ताभाऊ इमान घेऊन जातायत."

"व्हय म्हाराजा," दोघं म्हणाले.

"त्यांला सुखरूप ने, सुखरूप परत आन. इमान त्यांच्याच हातात ऱ्हाऊ दे, दुसऱ्या कुनाच्या हाताला लागू देऊ नको."

"व्हय म्हाराजा."

आणि सदूने नारळ फोडला.

फोडला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून तेच नाव गेलं. मृणालीचे डोळे भरले, पण तीच त्याला म्हणाली, "असू दे सदूकाका, बाबांना बरं वाटलं असेल."

"बरं कसं वाटंल बाय? गेलेल्या मानसाला बोलावनं धाडलं मी."

दुसरा नारळ नव्हता. सदूच्या घरी होते, पण तिन्हीसांज झाली होती, आणि दिवेलागणीनंतर गाऱ्हाणं घालत नाहीत. सकाळी पुन्हा घालू म्हणाले आणि मृणाली घरी गेली. विनोद राहिला शेडमध्ये झोपायला. त्याला हसूच येत होतं, असं तो म्हणतो.

चांदणं लख्ख होतं. पत्र्याच्या फटींतून आत पट्टे पडले होते. मध्यरात्र उलटली असेल. दार वाजलं.

शेडचं नाही. विमानाचं.

डावं दार. पायलटचं.

मग विमान झुकलं. डावीकडे… जड माणूस चढल्यावर झुकतं तेवढंच. स्प्रिंग करकरली.

विनोदला उठायचं होतं. तो पडूनच बघत राहिला.

शेपटीचा पत्रा हलला. डावीकडे. उजवीकडे. मग पंखांच्या कडा. वर. खाली. निघण्याआधी पायलट तपासून बघतात तसं. सावकाश. भाऊ करायचे तसं.

मग… टक टक.

भाऊंना सवय होती. उंचीच्या डायलवर बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचे, काटा अडकला असेल तर सुटावा म्हणून.

टक टक.

पण तिथे आता डायल नव्हतं.

टक टक… जरा उजवीकडे. टक टक… खाली. पुन्हा वर. काचेवर हात फिरल्याचा आवाज. सगळीकडे गुळगुळीत…

विनोद म्हणतो, "मामा, भीती वाटलीच. पण त्याहून जास्त मला त्यांची दया आली. वीज गेल्यावर आपल्याच घरात म्हातारा माणूस चाचपडतो ना, तसं चाललं होतं."

त्याने कसाबसा आवाज काढला. "भाऊ… सकाळी मृणाली जाणार आहे."

टकटक थांबली.

…

कुणी उतरलं नाही. पहाटे कधीतरी विनोदचा डोळा लागला.

सकाळी सदूने नवा नारळ आणला. या वेळी मृणालीचं नाव घेऊन, नीट, हळूहळू गाऱ्हाणं घातलं. विनोदने राजापूरहून बॅटरी आणून बसवली. मृणाली डाव्या सीटवर बसली आणि चावी फिरवली. इंजिन ढिम्म. पेट्रोल पाहिलं, तारा पाहिल्या, प्लग काढून पुसले. सगळं ठीक, आणि इंजिन ढिम्म. दुपार झाली. वैतागून ती उजव्या सीटवर सरकली, कुठली तार सुटलीय का बघायला, आणि तिथूनच हात लांब करून सहज चावी फिरवली.

पहिल्या फटक्याला इंजिन सुरू.

मृणाली डाव्या सीटकडे बघत राहिली. विनोद बाहेरून हात हलवत होता, बंद कर, बंद कर. तिने केलं नाही. पंखा फिरत होता, विमान जागेवर थरथरत होतं, आणि ती बोलत होती. एका स्क्रीनवर बोट ठेवायची, काहीतरी सांगायची, थांबायची, मान हलवायची. अर्ध्या तासाने उतरली तेव्हा चेहरा असा, की देवदर्शन करून आलीय.

"विनोददादा, बाबांना हे नवीन काही वाचता येत नाहीये," ती म्हणाली. "मी शिकवतेय त्यांना."

झालं. रजा संपली, ही मुंबईला जाईना. रोज संध्याकाळी शेडमध्ये, उजव्या सीटवर. उड्डाण नाही, काही नाही. नुसतं बोलायचं. उंची इथे दिसते बाबा, वेग इथे. पुन्हा तेच. भाऊंच्या काही ध्यानात राहत नव्हतं. हिचं खाणं सुटलं, ठरलेलं लग्न पुढे ढकललं गेलं, नोकरीवरून फोन येऊन येऊन थांबले. कुसुमवहिनी, म्हणजे तिची आई, विनोदच्या घरी येऊन रडल्या. "नवरा गेला तो गेला. माझी मुलगी मला परत दे रे," म्हणाल्या.

विनोद काय देणार? पण रात्रभर विचार केल्यावर त्याला एवढंच सुचलं, की भाऊंना ती लागते कारण आपण त्यांचं विमान त्यांना अनोळखी करून ठेवलंय. त्याने खोकं उघडलं. स्क्रीन उतरवले आणि जुनी डायलं एकेक करून होती तिथे बसवली. मृणाली त्याला वाटेल ते बोलली. त्याने ऐकून घेतलं.

त्या रात्री तो मुद्दाम शेडमध्ये थांबला.

दार वाजलं. विमान झुकलं.

टक टक.

एकदाच. लगेच सापडलं.

मग… भाऊ हसले. विनोद शपथ घेऊन सांगतो. घशातल्या घशात, समाधानाने, हसले.

सकाळी मृणाली डाव्या सीटवर बसली आणि इंजिन तिच्या हाताला मुकाट्याने सुरू झालं. शेजारी कुणी नव्हतं. ती खूप रडली. समुद्रावरून एक फेरी मारून आली, चावी विनोदच्या हातात दिली आणि आठवड्याभरात मुंबईला रुजू झाली. लग्न झालं. शेडला कुलूप लागलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला ती दिवसाढवळ्या सांगितली असती.

मागच्या वर्षी मृणालीला मुलगी झाली. परवा कुसुमवहिनींचा विनोदला फोन, येत्या गणपतीत ती लेकीला घेऊन येतेय. नातीला आजोबांचं विमान दाखवायचं, त्यात बसवून फोटो काढायचा. जरा साफसूफ करून ठेव.

विनोद सड्यावर गेला. कुलूप गंजून घट्ट झालेलं, तेल घालून उघडावं लागलं. आत धूळ, कोळिष्टकं. जमिनीवर कुणाचं पाऊल नाही. त्याने विमानाचं दार उघडलं.

उजव्या सीटचा पट्टा लावलेला होता.

त्या पट्ट्यावर धूळ नव्हती. आणि तो आवळलेला होता… आत माझ्या दोन मुठी कशाबशा मावतील एवढा. मोठ्या माणसाचा नाही. बाळाच्या कमरेचा.

तो धावत माझ्याकडे आला. मी म्हटलं, वहिनींना सांग, आणू नका म्हणून. त्याने माझ्यासमोर फोन लावला. त्या म्हणाल्या, "अरे, आजोबांच्या विमानात नात बसली तर तुझ्या पोटात का दुखतं?" आणि फोन ठेवला. सदू असता तर त्याच्याकडून पुन्हा गाऱ्हाणं घालून घेतलं असतं, पण तो गेल्या पावसात वारला, आणि कुणाच्या नावाने काय मागायचं हे आता कुणाला माहीत नाही.

विनोदबरोबर काल मी स्वतः जाऊन आलो. पट्टा सोडवायचा प्रयत्न केला. पक्कड लावली. करवत लावली, तिचे दात गेले.

सुटत नाही.