रोलमधला बारावा फोटो

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही... घालायची गरजच नाही.

डिसेंबर १९६६. मनोर-बोईसर बस. रात्र नव्हती, अमावास्या तर नव्हतीच. दुपारचे साडेचार वाजले होते.

मी त्या बसमध्ये होते. दोन वर्षांची, आईच्या मांडीवर.

माझे वडील बळवंत मूळचे साताऱ्याकडचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. तारापूरला वीजघराचं बांधकाम चाललं होतं, तिथे ते स्टोअरकीपर होते. सरावलीत आमची खोली होती. अण्णांना फोटोंचं भारी वेड. धावत्या बसच्या खिडकीतून मनोरचा नाका, पालघरचा बाजार असं काय काय टिपायचे. निम्मे फोटो हलायचे, तरी हौस फिटायची नाही. त्या दिवशी बारापैकी अकरा फोटो झाले होते. त्यातला एक माझा, जन्मल्यापासूनचा पहिलाच.

पालघर मागे पडलं. पुढे एका माळावर बस थांबली.

गाव नाही. थांबा नाही. रस्त्यावर माणूस नाही...

कंडक्टरने दार उघडलं. आणि सगळ्या बसने माना खाली घातल्या.

शेजारी ठमी नावाची एक म्हातारी बसली होती. ती आईला हळूच म्हणाली, "खाली बघ बाय. ती चढते हाय."

आईने मान खाली घातली. अण्णांनी मात्र कॅमेरा दाराकडे धरला. उघडं दार, रिकामा रस्ता, सगळ्यांच्या खाली माना... असा फोटो पुन्हा कुठला मिळायला.

खट्.

बस सुटली. अण्णांनी खोदून विचारलं तेव्हा ठमीने सांगितलं, ती रोजचीच आहे. इथे चढते, पुढे चिंचेपाशी उतरते. तिथे कंडक्टर दार फक्त उघडतो. उतरल्यावर लावते ती, बाहेरून. तिचा कोणाला त्रास नाही.

चिंच आली. कंडक्टरने दार उघडलं.

एक मिनिट... दोन मिनिटं...

दार उघडंच.

कंडक्टरला घाम फुटला. असं कधीच झालं नव्हतं.

ठमीने कॅमेऱ्याकडे बोट केलं. "तिला डब्यात ठेवलास तू. आता ती उतरल कशी? उघड तो डबा."

कॅमेरा उघडला की आत उजेड शिरणार आणि सगळा रोल बाद होणार. अण्णा म्हणाले, त्यात माझ्या पोरीचा फोटो आहे, मी उघडणार नाही. शेवटी कंडक्टरनेच दार ओढून घेतलं.

घरी पोहोचलो आणि मला ताप भरला.

तीन दिवस उतरेना. डॉक्टर झाले, अंगारा झाला. रोज दुपारी साडेचारला म्हणे मी तापात उठून बसायचे... आणि बंद दाराकडे बघत राहायचे.

आई पार घाबरली होती. चौथ्या दिवशी तिने कॅमेरा अण्णांच्या पुढ्यात ठेवला. रोल अजून आतच होता.

"फोटो हवाय की पोर, ते एकदा सांगा."

मला घेऊन दोघं पालघरला गेले आणि परतीची तीच बस धरली. चिंचेपाशी दार उघडलं. अण्णांनी कॅमेरा उघडून रोल भर उन्हात ओढून काढला.

पायरी करकरली...

आणि दार लागलं. बाहेरून.

माझा ताप तिथल्या तिथे उतरला. अण्णा लहान मुलासारखे रडले. आई मात्र मला निरखत होती. परक्या बाईच्या मांडीवर बसावं तशी मी अवघडून बसले होते म्हणे.

आईने मला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. मायेत कधी कमी केलं नाही. पण माझ्या तोंडाकडे बघता बघता मध्येच थांबायची. मला ते फार लागायचं.

गेल्या वर्षी आई गेली. शेवटच्या दिवशी तिने माझा हात धरला आणि बराच वेळ मला न्याहाळलं.

"खरं सांग बाई... त्या दिवशी चिंचेपाशी कोण उतरलं?"

त्या दिवसाआधीचं मला काही आठवत नाही. दोन वर्षांच्या पोराला कुठे काय आठवतं, अशी मी मनाची समजूत घालते.

आणि ताडून बघावं म्हटलं, तर त्याआधीचा माझा एकही फोटो नाही.