निरंक

डब्याच्या झाकणावर ठेवलेला मोबाईल थरथरला आणि स्टील किणकिणत राहिलं. खुशीने झोपेतच कूस बदलली. शामलाने पिठाचा हात ओढणीला पुसून फोन उचलला. सकाळचे साडेआठ.

या वेळेला फोन एकीचाच यायचा. सातपुड्याच्या पायथ्याशी सालईटोल्यात शाळेमागे पर्जन्यमापक होतं, त्यातलं पाणी कांताबाई रोज मोजत आणि हवामान कार्यालयाच्या शामलाला आकडा कळवत. मे महिन्यात कसला आकडा? रोज एकच शब्द यायचा, "निरंक." चार वर्षांच्या खुशीनेही तो उचलला होता. पोहे संपले की ताट निरंक. अंगणातल्या कट्ट्यावर तिने आपला स्टीलचा गिलास मांडून ठेवला होता, आणि उठल्याबरोबर त्यात डोकावून ती ऐटीत जाहीर करायची, "निरंक."

"बाई, आज सत्त्याण्णव."

"किती?"

"सत्त्याण्णव मिलिमीटर. तीनदा मोजलं."

"रात्री पाऊस झाला?"

"कुठचा वं बाई. अंगणात धूळ उडून राहिली." पलीकडे भांड्यात काही खुळखुळलं. "अन् भांड्यात गारा आहेत. हरभऱ्याएवढ्या. मोजता मोजता विरघळून राहिल्या."

शामलाने लॅपटॉप उघडला. रडारचा नकाशा स्वच्छ होता, कालचाही. पाणी एखाद्या वात्रट पोराने ओतलं असेल. पण गारा कोण ओतणार?

संशयास्पद आकडा नोंदायचा नाही, असा नियम. रकाना रिकामा सोडून ती मोकळी होऊ शकत होती. पण सालईटोल्याखाली नदीच्या वाळूत डांगरवाडी होती, टरबुजांच्या वेलींमध्ये बारा खोपट्या. त्यातल्या एकीत कांताबाईंची लेक रीना, सहा महिन्यांचं बाळ घेऊन. वर डोंगरात पाऊस झाला की ही नदी अर्ध्या तासात भरून येते, आणि वाडीवर तेव्हा लख्ख ऊन असतं.

तिने दत्तोपंत सरांना फोन लावला. इशाऱ्यावर शेवटची सही त्यांची.

"अगं, ढगाचं पिल्लूसुद्धा नाही," ते म्हणाले. "एप्रिलमध्ये तू इशारा दिलास, लोक दिवसभर देवळात बसून राहिले, थेंब पडला नाही. आज कशाच्या आधारावर?"

"कांताबाईंच्या."

"भांडं चुकलं असेल."

"नऊ वर्षांत चुकलं नाही, सर."

"पुन्हा तोंडावर पडशील."

"पडते. पण पाठवा."

पलीकडे खुर्ची सरकली. मग ते म्हणाले, "लिही."

इशाऱ्याचा कागद घेऊन कांताबाई स्वतः वाळूत उतरल्या. रीना हसली म्हणे. "आभाय पाह्य ना आई, घासलेल्या परातीसारखं आहे. तुह्या मॅडमले काही कामधंदा नाही काय?" कांताबाईंनी सरळ बाळाला उचललं आणि चालू लागल्या. मग रीनाला मागे जावंच लागलं, आणि तिच्यामागे, कुरकुरत, सगळी वाडी.

दुपारी चारपर्यंत नकाशा कोरा होता. एप्रिलसारखंच होणार, असं शामलाला वाटू लागलं.

चार दहाला डोंगरावर एक ठिपका उमटला.

तो सरकला नाही. जागच्या जागी लाल होत गेला.

पाच वाजता फोन आला. मागे नदीचा आवाज एवढा, की आधी काही कळेना.

"वाडी गेली, बाई. बाराच्या बारा खोपट्या."

"माणसं?"

"सारी वर आहेत. मोजली मी." आवाज फुटला. "रीना इथंच बसली आहे. वेलींसाठी रडून राहिली, वेडी. लेकरू झोपलं आहे."

शामलाने खुशीला मांडीवर ओढून घेतलं. कुणाचे तरी आभार मानायला हवे होते. कुणाचे, ते तिला कळेना, म्हणून ती नुसतीच लेकीच्या केसांत तोंड खुपसून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी साडेआठला डबा किणकिणला.

"सत्त्याण्णव," कांताबाई हळूच म्हणाल्या. "कालच्या पावसाचं. अन् गाराही पडल्या. हरभऱ्याएवढ्या."

शामलाने तो कालच्याखाली लिहिला. आदल्या दिवसाचा आकडा खोडायला दत्तोपंत सरांनी सांगितलं होतं. शामलाने तो खोडला नाही.

आठवड्याने रीनाने एसटीतून दोन टरबुजं पाठवली, कडेच्या वेलीवर वाचलेली. एवढं गोड टरबूज आपण कधी खाल्लं नाही, असं शामलाला वाटलं. सकाळी ती दुसरं चिरत होती. त्या वाडीची गोष्ट खुशीने एव्हाना दहादा सांगायला लावली होती.

"आई," अंगणातून हाक आली. "निरंक नाही."

खुशी दोन्ही हातांत गिलास धरून, सांडू नये म्हणून एकेक पाऊल टाकत आत आली. तिच्यामागे दोरीवरचे कपडे वाळून कडक झाले होते. अंगणाची फरशी कोरडी होती. भिंतीपलीकडे, कोरड्या नाल्यात, वस्तीतली पोरं क्रिकेट खेळत होती.

गिलास काठोकाठ होता. आत काहीतरी बारीक किणकिणत होतं.

खुशीने तो ओट्यावर ठेवला आणि गार पडलेली बोटं आईच्या हातात दिली.

"आई, मग आपण वर कुठं जायचं?"